गेणभाऊंचा काटकसरीचा वॉल

"अवो, पोटाचं पार कलिंगड झालंय!" साळुबाईंनी नवऱ्याच्या बेंबीखाली हात ठेवला आणि चटकन काढला.

"हात नको लावू! फुटंल!" गेणभाऊ कळवळले.

कालच आळेफाट्याच्या दवाखान्यात दुर्बिणीनं त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. चिरा नाही, टाका नाही, फक्त एक नळी. तिच्या एका फाट्यातून वरच्या बाटलीतलं सलाईन मूत्राशयात जायचं आणि दुसऱ्यातून लालसर पाणी खालच्या पिशवीत यायचं. सकाळी पिशवी भराभर भरत होती. आता तिच्यात टिपूस पडत नव्हता आणि गेणभाऊंना तर लघवीला अशी लागली होती की डोळ्यांतून पाणी येत होतं.

सिस्टर जया धावत आली. तिनं पिशवी पाहिली, पोट पाहिलं, मग सलाईनच्या नळीवरचं चाक पाहिलं. धो धो सोडलेलं पाणी आता थेंब थेंब पडत होतं.

"हे चाक कुणी फिरवलं?"

वॉर्डातले सगळे पेशंट एकदम पंख्याकडं बघायला लागले.

"म्या फिरवलं, बाई," साळुबाई पुढं झाल्या. "धक्का लागला."

बायकोनं आळ अंगावर घेतला, हे गेणभाऊंना गोड वाटलं. पण पाण्याच्या वॉलचं काम तिच्या नावावर जावं, हे सोसेना. आळ्यापासून महाळुंगे पडवळपर्यंत तीस वर्षं त्यांनी रानोरान ठिबक जोडलं होतं. कुणी पाटानं मोकळं पाणी सोडलेलं दिसलं, की मोटारसायकल थांबवून झापायचे.

"तिला काय कळतंय वॉलमधलं? मी फिरवला! बाटल्यावर बाटल्या वाया चालल्या व्हत्या. म्हणलं, थेंबानं जाऊ द्या, मुळाला पोचल्याशी मतलब."

जयानं कपाळावर हात मारला. "अहो बाबा, हे डाळिंबाचं झाड नाय! पाणी जोरात फिरतं म्हणून रक्त गोठत नाय. तुमी कमी केलं, गाठी झाल्या, नळी चोकप!"

"मंग आता?"

"धुऊन बघते. नाय निघाल्या, तर डॉक्टर परत आत नेणार. परत कमरेत इंजेक्शन, परत दुर्बीण."

गेणभाऊंचं तोंड एवढंसं झालं. साळुबाईंनी त्यांचा अंगठा घट्ट धरला.

जयानं वरचं पाणी बंद केलं, नळीला मोठी सिरिंज लावली, सलाईन आत ढकललं आणि ओढलं. काही नाही. पुन्हा ढकललं. गेणभाऊंनी गावातल्या सगळ्या देवांना हाक मारली.

"बोअरला लावत्यात तसा कंप्रेसर लावा की, बाई!" शेजारच्या कॉटवरून बेल्ह्याच्या कुशाबानं सुचवलं.

"तू गप, राव!" गेणभाऊ खेकसले. "पोरी, नुसतं ढकलू नको, वढून बघ."

"तेच करतेय, बाबा. पडून ऱ्हावा."

तिसऱ्या खेपेला सिरिंजमध्ये फस्सकन् काळपट गाठी आल्या आणि मागोमाग पिशवीत धारच लागली.

"लागलं पाणी!" कुशाबा कॉटवर उठून बसला. गेणभाऊंच्या चेहऱ्यावर तर असं सुख पसरलं, की तसं लग्नातल्या फोटोतही नव्हतं.

"आता धो धोच सोड, पोरी," ते पुटपुटले.

"ऐका!" कुशाबा ओरडला. "ह्याच्यापायीच मागल्या उन्हाळ्यात मला झापलं व्हतं, राव!"

सगळा वॉर्ड हसला. टाके पडलेले पेशंटही पोट धरून हसले.

दोन दिवसांनी पाणी स्वच्छ आलं, नळी निघाली. "जेवायच्या आत आपली आपण लघवी झाली पायजे," जया म्हणाली, "नाय तर परत नळी."

गेणभाऊ बाथरूममध्ये गेले. वॉर्डात कुणी खोकेना. साळुबाई दाराला कान लावून उभ्या. बराच वेळ काहीच नाही. मग आवाज आला, आणि थांबायचं नाव घेईना.

"बास की आता!" साळुबाई पदरानं डोळे पुसत ओरडल्या. "बाकीच्यांनी कवा जायाचं?"

दार उघडलं. ओल्या बोटांनी केस बसवून, कुणाचा हात न धरता गेणभाऊ कॉटपर्यंत चालत आले आणि पाय सोडून बसले.

"साळू, चहा सांग."

दोन वर्षं पाहुण्यांकडं, लग्नाकार्यात ते अर्धाच कप घ्यायचे; मध्येच लघवीला उठायला लागेल म्हणून. चहा आला, तसा साळुबाईंनी सवयीनं अर्धा कप ओतून पुढं केला. गेणभाऊंनी तो घेतला नाही. कप तसाच धरायला लावून, बोटानं काठ दाखवला.