लाल कार्ड

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. ठरलेली वेळ साडेनऊची होती.

प्रेबेन दाराशी थबकला. डेन्मार्कच्या उत्तर टोकाच्या त्या गावात पाहुणा पाच मिनिटं आधी पोचला तरी कोपऱ्यावर गाडीत बसून राहतो. वीस मिनिटं आधी बेल वाजवणं हा उद्धटपणा होता. आत भिंतीवरच्या पट्टीवर त्याच्या मुलीचा दिवस चित्रांत लावलेला होता : दात घासणं, लापशी, मणी ओवणं, आणि त्यानंतर एक बाई. नऊ वर्षांची इबेन बोलत नव्हती. दिवस तिला त्या क्रमाने कळायचा. मणी अजून अर्धेच ओवून झाले होते.

"रस्ता मोकळा मिळाला," नगरपालिकेच्या विबेके होल्म म्हणाल्या.

"साडेनऊ ठरलं होतं."

"मग वीस मिनिटं जास्त बघायला मिळतील, नाही का?"

त्यांनी पर्समधून निळी प्लास्टिकची आवरणं काढून बुटांवर चढवली.

"बूटच काढता का? त्या प्लास्टिकचा आवाज तिला सहन होत नाही."

"नाही हो. घरोघरी फिरावं लागतं आम्हाला. कुठे काय सांडलेलं असतं, कोण जाणे."

प्रेबेनने सकाळी सहाला फरशी पुसली होती.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो फेरीबोटीची इंजिनं दुरुस्त करायचा. इबेनला पन्नास किलोमीटरवरच्या विशेष शाळेत घातलं, तेव्हा ती रोज मनगटाला पट्टी बांधून घरी यायची. स्वतःलाच चावायची. त्याने नोकरी सोडली आणि तिला घरी शिकवायची परवानगी मिळवली. ती दर वर्षी नव्याने घ्यावी लागे. यंदाची या बाईंच्या अहवालावर ठरणार होती.

भिंतीवरच्या चित्रांच्या पट्टीच्या टोकाला एक लाल कार्ड होतं. त्यावर उघडा तळहात काढलेला. अर्थ एवढाच : पुरे. ते शिकवायला चौदा महिने लागले. तिला नकोशी गोष्ट थोडीशी पुढे करायची, मनगट तोंडाकडे जायच्या आत तिच्या हातून कार्ड आपल्या हातात घ्यायचं, आणि त्याच क्षणी थांबायचं. दर वेळी थांबायचं. 'आणखी थोडंसं' असं एकदाही म्हणायचं नाही. गेल्या चार महिन्यांत ती एकदाही चावली नव्हती. कार्ड मात्र ती फक्त आईबापांनाच द्यायची.

विबेकेबाई करकरत मण्यांच्या टेबलापाशी गेल्या, शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि पुढे वाकल्या. "इबेन, माझ्याकडे बघ पाहू. इकडे, डोळ्यांत." त्यांनी तिच्या हनुवटीला बोट लावलं.

इबेन उठली. पट्टीपाशी गेली. लाल कार्ड काढलं आणि त्या परक्या बाईच्या हातात ठेवलं.

असं कधीच झालं नव्हतं.

"छान चित्र आहे," बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. "आता आणखी थोडंसं बसू या, हं?"

इबेनने कार्ड उचलून पुन्हा दिलं.

"याचा अर्थ पुरे," प्रेबेन म्हणाला. "तिनं दिलं की थांबायचं असतं."

"कळतंय मला. पण सगळंच तिच्या मनासारखं कसं होईल? शाळेत कोण थांबणारे?"

तिसऱ्यांदा कार्ड देताना इबेनने बापाच्या हाताकडे पाहिलं. त्या हाताने बाईंना दार दाखवायला हवं होतं. तो खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. बाईंच्या मांडीवर अहवालाचा कागद होता.

मग ती चावली. रक्त मण्यांवर सांडलं.

अहवाल सात दिवसांनी आला. 'मुलीने तीन वेळा सहकार्य नाकारले. त्यानंतर स्वतःस इजा केली. उपयुक्त संवाद आढळला नाही. परवानगी वाढवू नये.'

प्रेबेनने फोन लावला.

"संवाद आढळला नाही? तिनं तुमच्या हातात कार्ड दिलं. तीनदा."

"हो, आणि ते मी लिहिलंय. तिनं नकार दिला."

"नकार देणं म्हणजेच बोलणं, बाई. माझी मुलगी परक्या माणसाशी जन्मात पहिल्यांदा बोलली, तुम्ही तिला 'गप्प बस' म्हणालात, आणि वर लिहिलंत की ती मुकी आहे."

"रागावून काही होणार नाही, प्रेबेन."

"मला राग त्या दिवशी यायला हवा होता. आठवडाभर उशीर झालाय."

त्याने फोन ठेवला. त्याची बायको डोर्थे स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती.

"त्यांना बोललास ते बरोबरच," ती म्हणाली. "पण दुसऱ्या कार्डाला तू मध्ये का नाही पडलास?"

"कागद त्यांच्या हातात होता."

"आणि कार्ड?"



अपील दाखल झालं आहे. वर्षाच्या चौतिसाव्या आठवड्याच्या, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धाच्या, आत निकाल लागणार नाही, असं पत्र आलं आहे. तोवर सोमवारपासून सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शाळेची टॅक्सी येईल.

विबेकेबाई गडबडीत निघाल्या तेव्हा निळी आवरणं दाराशीच राहिली. प्रेबेन रोज सकाळी त्यातलं एक घेऊन खोलीच्या उंबऱ्यावर बसतो, मुठीत अगदी हळू चुरगाळतो आणि दुसरा तळहात कार्डासाठी उघडा धरतो. तिचं मनगट तोंडाकडे जरा हललं की तो थांबतो. इबेन मणी ओवत राहते.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लाल कार्ड पट्टीवरच होतं.