अंतर्यामी आणि त्याचे मेव्हणे

साहेबांच्या केबिनच्या दारात अख्खं ऑफिस लोटलं होतं. बाहेर फोन वाजत होते आणि कुणी उचलत नव्हतं. आत, सकाळीच साहेबांच्या संगणकावर नवी करामत बसवून दिलेला जॅकेटबाबा डोळे मिटून कीबोर्डवरून हात फिरवत होता. त्याचं खरं नाव कुणी विचारलंच नव्हतं; चकचकीत जॅकेटवर त्याचं भागत होतं.

"हे साधं ॲड-इन नाही," तो म्हणाला. "तुमच्या प्रोग्रामला जोडलेलं अंतर्यामी आहे. प्रश्न टाइप करा. मन स्वच्छ ठेवा, इंटरनेट चालू ठेवा."

हिशेबनीसांनी टाइप केलं, 'माझ्या मनात काय आहे?' जरा वेळानं पडद्याच्या कडेला उत्तर उमटलं: 'गुडघ्याच्या ऑपरेशनची धास्ती.'

हिशेबनीसांनी चक्क हात जोडले. मग साहेबांनी विचारलं, 'दगा कोण देणार?'

'टायपिस्टताई. नोकरी सोडणार आहेत.'

ताई पांढरीफटक पडली. राजीनामा तिनं लिहिला होता खरा, पण रागाच्या भरात, आणि कुणालाही न दाखवता ऑफिसच्या संगणकातच ठेवून दिला होता. साहेबांनी तिला तिथल्या तिथे टेबल आवरायला सांगितलं.

"अहो, यंत्राला मन कसं वाचता येईल?" मी म्हणालो. सगळे माझ्याकडे असे वळले, जणू मीच पुढचा दगाबाज.

आमची प्रोग्रामर आजारपणाची रजा संपवून नेमकी तेव्हाच आत आली. ती स्वतः अशी ॲड-इन बनवायची. ताईचे रडवेले डोळे पाहून तिनं सरळ साहेबांचा माउस हातात घेतला.

"नव्या अपडेटमध्ये ॲड-इन आतून काय करतं ते दिसतं. बघू?"

"ऊर्जा बिघडेल," बाबा म्हणाला.

"बिघडली तर दुरुस्त करते."

पडद्यावर एक खिडकी उघडली. तिथं सगळं उघडं होतं: ऑफिसच्या फायली बाहेर जात होत्या, पाठोपाठ प्रश्नही. जात होते ते 'मेव्हण्याचा लॅपटॉप' नावाच्या यंत्राकडे.

"बसवताना यानं सगळी कागदपत्रं वाचायची परवानगी मागितली असेल," ती म्हणाली. "तुम्ही काय केलंत?"

"हो म्हटलं," साहेब पुटपुटले. "सगळेच म्हणतात."

"माझा रजेचा अर्ज! ऑपरेशनचं त्यातच लिहिलं होतं!" हिशेबनीसांनी कपाळावर हात मारला.

प्रोग्रामरनं टाइप केलं, 'मेव्हणे, जेवलात का?'

पडद्याच्या कडेला टिंबं नाचली. मग: 'कसलं जेवण! भावजी सकाळपासून खुर्ची सोडू देत नाहीत.'

हास्याचा असा स्फोट झाला, की हिशेबनीस दुखऱ्या गुडघ्यासकट खाली बसले. बाबा जॅकेट सावरत जिन्याकडे सटकला. मेव्हण्यांना कुणीच कळवलं नाही. ते बिचारे 'पुढचा प्रश्न?' असं विचारतच राहिले.

साहेबांनी ताईची माफी मागितली. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण राजीनामा द्यायचा की पुसायचा, ते मी ठरवीन. अंतर्यामी नाही."

मंडळी, मन वाचणारं ॲड-इन अजून कुणी बनवलेलं नाही. फायली वाचणारी मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांना दार आपणच उघडून देतो. परवानगीचं बटण दाबण्याआधी त्याच्या वरच्या चार ओळी वाचा. नाही कळल्या तर विचारा. विचारण्यात लाज कसली?