निवटीचा किनारा

सकाळची पहिली बॅच सुरू होण्याआधी, बोईसरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पुष्पलता तामोरे खेकडे मारत बसली असताना ती माणूस नसल्याचा आरोप तिच्यावर ठेवण्यात आला.

साल १९९८. क्लास स्टेशनच्या पश्चिमेला, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. पुष्पलता तिथे टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायची. क्लास उघडायचं काम तिचंच, त्यामुळे मालकाने तिला बॅचच्या आधी थोडा वेळ इंटरनेट वापरायची मुभा दिली होती. त्या वेळात ती एक खेळ खेळायची. त्यात चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर फक्त इंग्रजी वाक्यं उमटायची: तुम्ही किनाऱ्यावर आहात, इथे एक खेकडा आहे. मारायचा हुकूम टाईप केला की खेकडा मरायचा. मग त्याचं कवच उचलून टोपलीत टाकायचं. जरा वेळाने दुसरा खेकडा यायचा.

जगभरातली माणसं एकाच वेळी त्या खेळात असायची. पुष्पलताची एक टोळीही होती. टोळीला उत्तरेची खिंड ओलांडायची होती, त्यासाठी कवचांचं चिलखत लागणार होतं, आणि चिलखताला टोपल्यांवर टोपल्या कवचं. बाकीचे टोळीवाले चार दिवसांत कंटाळून राक्षसांच्या शोधात निघून गेले. किनाऱ्यावर उरली ती निवटी. हे पुष्पलताचं खेळातलं नाव. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा परदेशातल्या कोणाला ठाऊक असणार म्हणून तिने ते घेतलं होतं. पावसाळ्यात घेतलेली निवटी डिसेंबरात किनाऱ्यावरची सगळ्यात जुनी रहिवासी झाली होती.

क्लासमध्ये तिच्यासोबत शिकवणारी मंदा हे रोज बघायची.

"मेलेले परत येतात ना गं ते?"

"येतात."

"मग मारतेस कशाला?"

"येतात म्हणूनच."

रंगाच्या कारखान्यात पाळी करून टायपिंग शिकायला येणारा मिश्रा हसायचा. "दीदी, ये खेल है कि ड्यूटी? मैं भी प्लांट में यही करता हूँ. ड्रम भरो, ढक्कन लगाओ, ड्रम भरो. मुझे तो मजा नहीं आता."

"तुम्हारे ड्रम में खेकडे नहीं हैं ना, मिश्राजी."

त्या सकाळी मंदाने बहिणीच्या लग्नासाठी ब्लाऊजची कापडं आणली होती. पुष्पलता मान वळवून ती बघत होती, हिरवं बरं की मोरपंखी यावर वाद घालत होती आणि तिची बोटं आपली कीबोर्डवर चालत होती. पडद्याकडे तिची नजर नव्हती. तेवढ्यात खेळाचा एक रखवालदार, ग्रे नावाचा, अदृश्य होऊन किनाऱ्यावर आला. त्याने विचारलं, निवटी, तू आहेस का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. निवटीने खेकडा मारला. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. निवटीने आणखी एक मारला, दोन्ही कवचं उचलली आणि टोपलीत टाकली.

"मोरपंखीच घे," म्हणून पुष्पलता वळली, तर पडदा गोठलेला. त्यावर ग्रेचा निरोप होता. आपल्या जागी यंत्राला खेळायला लावणं या जगात निषिद्ध आहे. तुझे हुकूम कित्येक दिवस एकाच ठेक्यात येत आहेत. दोन मारायचे, दोन उचलायचे, मध्ये चूक नाही. प्रश्नाला उत्तर नाही. इथे माणूस दिसत नाही. रविवारी येऊन बाजू मांड, नाहीतर निवटी पुसून टाकली जाईल.

"पुसून टाकतील म्हणजे?" मंदाने विचारलं.

"म्हणजे ती कधी नव्हतीच."

"मग दुसरी बनव."

पुष्पलताला राग निवटी जाण्याचा होताच, पण त्याहून मोठा राग त्या एका वाक्याचा होता. माणूस दिसत नाही. ती किनाऱ्यावर होती, रोज होती, आणि आनंदात होती. हे ग्रेला पटवता येईल याबद्दल तिला शंका नव्हती. कसं, एवढंच ठरायचं होतं.

शनिवारी दुपारी ती दांडीला, समुद्रकाठच्या आपल्या गावी, घरी होती. होडी किनाऱ्याला लागली होती आणि तिची आई येसूबाई वलांडीवर बोंबील चढवत होती. बांबूंवर आडव्या दोऱ्या बांधलेला तो मांडव वाळूत दूरवर गेलेला. पुष्पलता पदर खोचून शेजारी उभी राहिली. एक बोंबील घ्यायचा, दुसरा घ्यायचा, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एकटा बोंबील दोरीवर राहत नाही, खाली पडतो. पाच-सहा जोड्या झाल्यावर पुष्पलताचे हात थांबले. खेळात दोन खेकडे पाडून मग उचलण्याने काहीच फायदा नव्हता. बाकीचे सगळे एक मारून एक उचलायचे. तिचे हात लहानपणापासून जोडीची वाट बघायला शिकले होते, एवढंच.

ती हसली. मग विचारलं, "आये, तुला याचा कंटाळा नाही येत?"

"कंटाळा आला तं बोंबील आपले आपन चढतील काय वर?"

"तसं नाही. मजा येते का, ते विचारते."

येसूबाईने पलीकडच्या वलांडीकडे हाक टाकली. "ऐकलं काय गो रत्नाबाय? आमची पोर इचारते, मजा येते का!"

"तिला सांग, इकडं ये रोज, मजाच मजा हाय!" पलीकडून उत्तर आलं. दोघी मनसोक्त हसल्या.

हसू ओसरल्यावर येसूबाई हात न थांबवता म्हणाली, "खोटं कशाला बोलू. हात चालतात तवा डोकं मोकळं रायते. ते बरं वाटते. पन मला उद्या नको म्हनता येत नाय. तुला तुज्या त्या खेकड्यांना म्हनता येते. तुजी मजा नि माजी मजा एक नाय, पुष्पे."

रविवारी क्लासमध्ये मंदा आणि मिश्रा तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. मोडेम किंचाळला, शांत झाला, आणि पडद्यावर ग्रे आला.

त्याने पहिलं विचारलं ते उत्तर न देण्याबद्दल. पुष्पलताने लिहिलं, मी पडद्याकडे बघत नव्हते, मैत्रिणीची कापडं बघत होते. दुसरा प्रश्न ठेक्याचा. तिने वलांडी आणि बोंबलाचे जबडे समजावून सांगितले.

गोष्ट छान आहे, ग्रेने लिहिलं, पण गोष्ट रचताही येते. तोच खेकडा, तोच किनारा, इतके महिने कोणी मजेने करत नाही. पण मला तुझ्यावर अन्यायही करायचा नाही. असं करू. चिलखत मी तुला आत्ता तयार देतो. तू आणि तुझी टोळी खिंडीपलीकडे जा. किनारा तुला बंद. वाद मिटला.

"ले लो दीदी!" मिश्रा जवळजवळ ओरडलाच. "फ्री में दे रहा है!"

"घे ना गं," मंदा म्हणाली. "निवटी वाचते आहे."

पुष्पलताची बोटं कीबोर्डवर होती, पण चालत नव्हती. नाही म्हटलं तर निवटी जाऊ शकत होती. हो म्हटलं तर निवटी राहणार होती, किनारा सोडून. मग तिने लिहायला घेतलं. शब्द शोधत, खोडत, सावकाश.

चिलखत नको. माझी आई असंच काम करते, तिला ते सोडता येत नाही. मला कोणत्याही क्षणी सोडता येतं. तुम्ही तर आत्ता बक्षीस देऊन सोडायला सांगताय. तरी मी सोडत नाही. यंत्र लावणाऱ्याला चिलखत हवं असतं. त्याला किनारा कशाला हवा असेल? चिलखत मी करीन, माझ्या हाताने.

तिने ओळ पाठवली. पडद्यावर काही आलं नाही.

"गया," मिश्रा हळूच म्हणाला.

"थांबा हो," पुष्पलता म्हणाली. ती खुर्चीला टेकून बसली होती.

अक्षरं उमटली. यंत्रवाल्यांनी आजवर तयार चिलखत कधी नाकारलेलं नाही, ग्रेने लिहिलं. आणि त्याखाली ओळ आली: तुम्ही किनाऱ्यावर आहात, इथे एक खेकडा आहे.

मंदाने तिच्या पाठीत धपाटा घातला. पुष्पलताने खेकडा मारला आणि कवच तसंच पडू दिलं. ग्रे अजून गेला नव्हता.

मी पण मारून बघू का? त्याने विचारलं.

या वेळी ती पडद्याकडेच बघत होती.

मारा, तिने लिहिलं. पण उचलायची घाई नको. दुसरा येऊ द्या.