झिजलेला टाक

प्रयागबाईंच्या देव्हाऱ्यातला चांदीचा टाक घासून घासून गुळगुळीत झाला होता. त्यावर कुठला देव उठवलाय, हे बघून कुणाला सांगता येईना. घट बसायच्या आत तो आटवून नवा घडवू, असं मुंबईहून आलेल्या सुनीलने ठरवलं आणि आईला नि भागोजीकाकाला घेऊन तो उमरठहून महाडला सोनाराकडे आला.

"यावर काय उठवायचं?" सोनाराने विचारलं.

"खंडोबा," सुनील म्हणाला.

"बहिरी हाय तो, भैरोबा," भागोजी म्हणाला. "आमचा बा बहिरीच म्हणायचा."

प्रयागबाई दोघांकडे बघत राहिल्या. "काय बोलताय रे? आई हाय ती. सासूबाईंनी हातात दिली तवा म्हणाल्या, ही आपली आई, सांभाळ हिला."

सोनाराने भिंग लावून टाक उजेडात तिरपा धरला. "मावशी, खाली घोड्याचे पाय आहेत. वर तलवारीची रेघ. पुरुष देव आहे. कुठला, ते नाही सांगता येत."

भागोजीला हसू आवरेना. "वयनी, एवढी वर्सं काय काय सांगितलंस गो त्याला?"

प्रयागबाई हसल्या नाहीत. बाळंतपणातली दुखणी, सासूवरचा राग, नवऱ्याचं दारूपायी वागणं, तान्हेपणी गेलेली लेक. बाई बाईला सांगते तसं सगळं त्यांनी या टाकापुढे काढलं होतं.

"चला, खंडोबाच करून टाका," सुनील म्हणाला.

प्रयागबाईंनी सोनारापुढे हात पसरला. "दे बाबा माजा मला."

"मावशी, जुनी चांदी नव्यात घालायची रीत असते."

"आन् हा आटवलास, तर मी सांगितलेलं कुणापाशी ऱ्हानार?"

"अगं पण हा देव कुठला, तेच म्हायत नाय आपल्याला," सुनील वैतागला.

"त्याला मी म्हायत हाय."

सोनाराने दुमडलेली कड तेवढी सरळ करून दिली. पैसे घेतले नाहीत. सुनील तरातरा पुढे चालू लागला.

घटाच्या दिवशी सकाळी प्रयागबाईंनी टाक विड्याच्या पानावर बसवला. एरवी त्या न्हालेले केस मोकळे सोडूनच पूजेला बसत. आज त्यांनी मोठ्या दिरासमोर घ्यावा तसा डोक्यावरून पदर घेतला, आणि मान थोडी खाली घालून हळूच म्हणाल्या,

"सुनील फुगून बसलाय. मनावर घेऊ नका त्याचं."