डावीकडचं भूत

सट्‌! वेताचा फटका सर्वेशच्या उघड्या पाठीवर बसला आणि आंबिवलीच्या त्या चाळीसमोरची गर्दी हात जोडून पुढे सरकली.

"बघा! अंगाऱ्याकडं बघत पण नाय!" दगडू भगत गरजला. अंगाऱ्याचं ताट त्याने सर्वेशच्या डाव्या बाजूला धरलं होतं. आणखी दोन फटके मारून त्याने ताट उजवीकडे नेलं. सर्वेशने लगेच पाहिलं. "वाकलं भूत! वाकलं!"

बाइकवरून पडून सर्वेशच्या डोक्याला मार लागला, तेव्हापासून तो जेवताना अर्धं ताट तसंच टाकायचा, दाराच्या चौकटीवर आपटायचा, कुणी डावीकडून हात लावला की गुरासारखा अंगावर जायचा. म्हणून त्याच्या आईने, रंगूबाईंनी, भगताला बोलावलं होतं.

भगताच्या चेल्याने सर्वेशचा डावा दंड पकडला. सर्वेशने दचकून ठोसा हाणला. तो भगताच्याच तोंडावर बसला. रक्त थुंकत भगताने वेत उलटा धरला आणि त्याच्या जाड मुठीने सर्वेशचं डोकं फोडलं. सर्वेशच्या बायकोने, संचिताने, झडप घालून वेत हिसकावला.

"आता हात लावून बघ!"

टाके घालून घेतल्यावर ती त्याला नौपाड्यात क्षिप्राताईंकडे घेऊन गेली. डोक्याला इजा झाल्यावर माणसाचं लक्ष, स्मरण, वागणं तपासणाऱ्या त्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी सर्वेशला घड्याळ काढायला सांगितलं. त्याने बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले.

"डोळे ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. तिकडून हात पडला, की यांना तो कुठून आला तेच कळत नाही. आता कुठले व्यायाम द्यायचे ते ठरवता येईल."

पुढच्या गुरुवारी भगताची बैठक पुन्हा भरली. संचिता सर्वेशला घेऊन थेट मधोमध गेली. तिने वडापाव त्याच्या डावीकडे धरला.

"काय दिसतंय?"

"कुठे काय?"

तिने तो उजवीकडे नेला. सर्वेशने हात पुढे केला.

"काय भगत, भूत वडापावला पण घाबरतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. "हिच्या अंगात पण आलंय!" भगत ओरडला, पण यावेळी कुणी हात जोडले नाहीत. संचिताने त्याच्याच हातातलं अंगाऱ्याचं ताट सर्वेशच्या उजवीकडे ढकललं. सर्वेशने ते पाहिलं आणि सवयीने नमस्कार केला.

"वेत नसताना बघितलं ना?" संचिता गर्दीकडे वळली. "ताट कुठे धरायचं, एवढीच याची विद्या. मार लागलेल्या मेंदूला आणखी मारून काय होणार? आधी नीट तपासून घ्या, मग उपचार करा. माणूस तुमचाच आहे."

गर्दीत बसलेल्या रंगूबाई उठल्या. पोराचा शर्ट वर करून पाठीवरचे वळ बघताच त्यांना हुंदका फुटला. मग त्या वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "चल, घरी जाऊ."