पाठीचा वाटा

आमच्या घरात शिकारीचे वाटे ठरलेले. मान आणि पुढचे पाय रश्श्याला, मांडी सुक्याला, नळ्या म्हाताऱ्यांना. आणि पाठ, म्हणजे कण्याला चिकटलेली लांब, मऊ पट्टी, घरच्या मुलाला. शिकार बंद झाली तेव्हा हाच कायदा बोकडाला लागू झाला. पोरीबाळींनी वास घ्यावा आणि गप्प बसावं.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पंचाहत्तरीला मी न्यूझीलंडचं सोललेलं अर्धं हरीण मागवलं. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कातल्या नोकरीचा एवढा तरी उपयोग. आई गेल्यापासून चार वर्षं आबा माझ्याच फ्लॅटमध्ये आहेत. धाकटा भाऊ रवींद्र पुण्याला. तो त्या दिवशी सिडनीला जाताना मध्ये सिंगापूरला उतरून जेवायला येणार होता.

स्वयंपाकघरात प्लास्टिक अंथरून आबा आणि मी बसलो. सुरी माझ्या हातात. रवीला रक्त बघून घेरी यायची, म्हणून ही विद्या आबांनी मला दिली. सांधा नेमका सापडला की मांडी अलगद सुटते, हाडाशी कुस्ती करावी लागत नाही. पाठ मी कण्याला सुरी टेकवून अखंड सोडवली, वरचा चंदेरी पापुद्रा काढला.

"स्मिता, हात अगदी माझा गं तुझा," आबा म्हणाले.

एवढी घोडी झाले, तरी हरखले. वाटलं, आज आबा पाठीचा एक तुकडा माझ्या ताटात वाढतील. तेवढंच हवं होतं मला.

"पाठ बाजूला ठेव. रवी येतोय."

रवी आला नाही. विमानतळावर कोणी मित्र भेटला, असा मेसेज आला.

मी पाठ तव्यावर टाकली आणि जेमतेम परतली. हरणाला चरबी नसते, जरा जास्त शिजलं की चामडं होतं. ताटली आबांपुढे ठेवली.

"वाढा मला."

"लेकीला पाठ वाढत नाहीत."

"आणि लेकीकडे चार वर्षं जेवतात?"

आबा रस्सा भुरकत राहिले. मग मीच वाढून घेतलं आणि खाऊ लागले.

आबांनी मोबाइल उचलला.

"रवी, वाईट वाटून घेऊ नकोस," माझ्याकडे बघत ते म्हणाले, "तुझी पाठ ठेवलीय. फ्रीझरमध्ये."

मी समोर बसून शेवटचा तुकडा चावत होते.