तळघरातली ऊब आणि मार्लिसची अट

मार्लिस टोस्ट्रुडला सापांची भीती अशी नव्हतीच. तिला भीती होती आगीची. लहानपणी एका हिवाळ्यात शेतावरचं कोंबड्यांचं खुराडं उबेसाठी टांगलेल्या दिव्यानेच जळून गेलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी ती पाव भाजून झाला की टोस्टरची पिन काढून ठेवायची. नवरा, ऑर्व्हिल, हसायचा. पण पिन पुन्हा लावून ठेवायची त्याची छाती नव्हती.

आता पेच असा पडला होता की ऑर्व्हिलचे सात अजगर इतकी वर्षं त्याच्या भावाकडे, गॉर्डीकडे राहत होते, आणि मिनेसोटाच्या थंडीला विटून गॉर्डी घर विकून ॲरिझोनाला निघाला होता. अजगर म्हणजे काही माणसं गिळणारे नव्हेत. मनगटाएवढे जाड, घाबरले की स्वतःचाच चेंडू करून बसणारे, अगदी गरीब गाय. पण त्यांना ऊब लागते. ती द्यायची म्हणजे आता इथे, यांच्या तळघरात, लाकडी फळ्यांच्या रॅकमध्ये प्लास्टिकचे टब सरकवायचे आणि प्रत्येक टबाच्या मागच्या भागाखाली फळीवर विजेवर तापणारी पट्टी चिकटवायची.

"मी वर झोपलेली, आणि खाली लाकडावर तापती पट्टी?" मार्लिस म्हणाली.

"अगं, थर्मोस्टॅट असतो त्याला. ठरलेल्यापेक्षा जास्त तापू देत नाही तो."

"माझ्या बापालाही वाटलं होतं, दिवा पक्का टांगलाय म्हणून."

शेवटी अट ठरली. रॅक आधी आठवडाभर रिकामा चालवायचा. कधीही हात ठेवला आणि चटका बसला, तर अजगरांना दुसरं घर शोधायचं. ऑर्व्हिल कबूल झाला, कारण दुसरा उपायही नव्हता.

काम मात्र त्याने मन लावून केलं, हे मार्लिसनेही मान्य केलं असतं, विचारलं असतं तर. टब घासू नये म्हणून फळीत पट्टीपुरती खाच पाडली. पट्टी कुठे दुमडली नाही, एकावर एक येऊ दिली नाही. तारांचे जोड झाकले आणि वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी हाताने दाबून बसवली. थर्मोस्टॅटचा सेन्सर त्याने सगळ्यात खालच्या टबाच्या आत चिकटवला. "साप जिथे झोपणार, तिथलंच मोजायला नको का?" तो म्हणाला, आणि ते तिलाही पटलं.

रोज ती जिना उतरून हात ठेवून बघायची. हाताला कोमट लागायचं, नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या खुर्चीसारखं. तिला थोडी निराशाच वाटायची.

शनिवारी ऑर्व्हिल गॉर्डीकडे गेला आणि ती कपडे धुवायला खाली आली. खालच्या टबात लाकडाचा भुसा पडलेला दिसला. भुसा बघून गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने टब ओढला, सेन्सर सोडवून बाजूला टाकला, टब धुतला, पुसला, मग चादरींच्या घड्या घालत बसली. टब जागेवर ठेवायच्या आधी सवयीने पट्टीवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. तळवा लाल झाला होता.

पिन उपटून ती खाली बघत राहिली. सेन्सर गारठलेल्या फरशीवर लोळत होता. बिचाऱ्या थर्मोस्टॅटला वाटत होतं की साप थंडीने मरतोय, म्हणून तो पट्टीला तापव, अजून तापव म्हणत सुटला होता. आयतं कोलीत तिच्या हातात आलं होतं.

ऑर्व्हिल परतला तो उशीचा अभ्रा छातीशी धरून. अभ्र्यात काहीतरी हळूच हललं.

"ओल्गाला आधी आणलं," तो म्हणाला. "म्हातारी आहे, गाडीत थंडी नको." मग त्याने तिचा हात पाहिला, फरशीवरचा सेन्सर पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. वाद घालणाऱ्यांतला तो नव्हताच. "टब काढला की सेन्सर पण बाहेर... मी गाढव आहे, मार्लिस. गॉर्डीला फोन करतो. कुणीतरी घेईल त्यांना."

तो जिन्याकडे वळला. मार्लिसला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल.

"थांब," ती म्हणाली. "सेन्सर कुठे लावायला हवा होता?"

"पट्टीवरच. टब असो-नसो, पट्टी किती तापली तेच त्याला कळलं पाहिजे."

"मग लाव ना! माझं तोंड काय बघतोस? आणि तो बिघडला तर?"

"जोडीला दुसरा थर्मोस्टॅट लावता येतो. जास्त तापलं की वीजच तोडतो."

"तोही आण. आज जाऊन आण."

ऑर्व्हिल अभ्रा धरून तसाच उभा. "पण तू तर नाही म्हणणार होतीस."

"होते ना. आठवडाभर खोट शोधत होते. सापडली, आणि तू फोन करायला निघालास, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. जा आता, दुकान बंद होईल. हिला कुठे ठेवू?"

"मांडीवर. तुझ्या अंगाची ऊब पुरेल तोवर."

मार्लिस खुर्चीत बसली. अभ्र्याच्या तोंडातून ओल्गाने डोकं बाहेर काढलं, चटका बसलेला हात जिभेने चाचपला आणि तिच्या मनगटाला वेटोळं घालून निवांत पडली. ऑर्व्हिल दुकानातून येऊन सेन्सर पट्टीवर आणि दुसरा थर्मोस्टॅट जोडीला बसवेपर्यंत मार्लिस खुर्चीतून उठली नाही.